बिनतारी जोडणी तुटते कोठे?

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाने नळदुर्ग मागे टाकले की थोड्याच वेळात जळकोट हे गाव लागते. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातले हे गाव. गेल्या भाऊबीजेला मी तेथे माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळ झाला आणि मी जरा टेकतो न टेकतो तोच बारावीत शिकणारी भाची एक जुना लॅपटॉप घेऊन पुढ्यात येऊन बसली.

"मामा, लाइट गेली की वायफाय जातंय बघा. परवा फॉर्म भरताना ऐन पैसे भरायच्या पानावर तुटलं. पैसे गेले का राहिले, काहीच कळंना."

एका परीक्षेचा तो अर्ज होता. खात्यातून रक्कम वजा झाली होती, पण अर्जावर 'शुल्क बाकी' असेच दिसत होते. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. दाजींनी निकाल देऊन टाकला होता : "मशीनच जुनं झालंय. आता सोयाबीनचे पैसे आले की नवीन घ्यायचं, दुसरं काय!"

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याही घरी असे घडले असेल. वायफाय तुटले की आपण काय करतो? लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतो. कधी राउटरची पिन काढून घालतो. कधी जोडणी परत येते, कधी येत नाही. आणि आली तरी कशामुळे आली ते कळत नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा तोच खेळ. वैद्याने नाडी न पाहता रोज नवी पुडी द्यावी तसलाच हा प्रकार. आपण जरा वेगळ्या वाटेने जाऊ या. आधी ही जोडणी म्हणजे काय ते पाहू आणि मग ती तुटते कोठे ते शोधू.

भाचीच्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली होती. तिच्या चुलतभावाने ती बसवून दिली होती. त्याचे कारणही ऐकण्यासारखे आहे. या यंत्रावर पूर्वी विंडोज-१० होते. त्या आवृत्तीला कंपनीकडून नियमित मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि त्यापुढची आवृत्ती इतक्या जुन्या यंत्रावर चालत नाही. लिनक्स मात्र जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्याचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्याची सारी आज्ञावली उघडी असते. कोणीही ती वाचावी, दुरुस्त करावी. आपल्या दृष्टीने याहून उपयोगाची गोष्ट अशी, की लिनक्स आपल्या पोटात काय चालले आहे ते सारखे टिपून ठेवते आणि विचारले की सांगते. आपल्या शोधात याच टिपणाचा आपल्याला फार उपयोग होणार आहे.

आता बिनतारी जोडणीकडे वळू. राउटर आणि लॅपटॉप हे दोघेही बोलतात आणि दोघेही ऐकतात. रेडिओ नुसता ऐकतो; वायफायचे तसे नाही. येथे एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने "पोचले" असे सांगायचे, असा शिरस्ता आहे. "पोचले" असे उत्तर आले नाही तर पहिला तेच वाक्य पुन्हा म्हणतो. म्हणून नुसता राउटर जोरदार असून भागत नाही. लॅपटॉपचा बारीक आवाजही राउटरपर्यंत पोहोचला पाहिजे.

हे बोलणे चालते विद्युतचुंबकीय लहरींतून. घरातले वायफाय बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असते. म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने. या लहरी प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३० कोटी मीटर, धावतात. भागाकार करून पाहा : ३० भागिले २४० म्हणजे ०.१२५ मीटर, अर्थात साडेबारा सेंटिमीटर. एका लहरीची लांबी अर्ध्या वितीहून थोडी जास्त झाली. ही लांबी ध्यानात असली की एका गमतीचे कारण कळते. भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी सरळ आलेल्या लहरींत मिसळतात. कोठे त्या एकमेकींना बळ देतात, कोठे एकमेकींना मारतात. म्हणून लॅपटॉप चार बोटे इकडे-तिकडे सरकवला तरी ऐकू येणे कमी-जास्त होते. मोठे लोक "जरा हलवून बघ" म्हणतात, ते अगदीच खुळेपणाचे नसते!

हा पट्टा आपल्या देशात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. एके काळी आपल्याकडे साधा रेडिओ ऐकायलासुद्धा लायसन लागे आणि ते दरवर्षी पोस्टात जाऊन नवे करावे लागे. आता घरोघर प्रेषक आहे आणि कोणी विचारत नाही. मात्र परवाना नको म्हटल्यावर गर्दी होणारच. शेजाऱ्याचे वायफाय, ब्लूटूथचे माउस आणि कानात घालायची बोंडे, मायक्रोवेव्ह भट्टी, सगळे याच पट्ट्यात गलका करतात.

गलक्याचा परिणाम समजून घ्यायला जळकोटच्या मुलांना लांब जायला नको. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. तेथे उभे राहून मित्राशी बोलून पाहा. तुमचा आवाज घरी असतो तेवढाच असतो, पण दहा पावलांवरच्या मित्राला तो कळत नाही. त्याच्या कानाला लागून बोलावे लागते. तेव्हा बोलणे कळते की नाही हे नुसत्या आवाजावर ठरत नाही. आवाज आणि भोवतालचा गोंगाट यांच्या प्रमाणावर ते ठरते. वायफायची कथा तीच आहे.

एवढी तयारी झाल्यावर आम्ही कामाला लागलो. पहिला प्रश्न असा : तुटते ते नेमके कोठे? लॅपटॉपपासून राउटरपर्यंत एक वाट आहे, आणि राउटरपासून तारेने गावाबाहेर जाणारी दुसरी. रस्त्याच्या खोदकामात कोठे तार तुटली तर बिचाऱ्या लॅपटॉपला बोल लावून काय उपयोग? हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची खिडकी असते. तीत आज्ञा टंकायच्या. लहान लिपीतली आय आणि पी ही इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा, मग आर, एवढे टंकून एंटर दाबले की राउटरचा पत्ता मिळतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. मग पी-आय-एन-जी, जागा आणि तो पत्ता. याला 'पिंग' म्हणतात. लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला "ओ दे" म्हणतो आणि उत्तराला किती हजारांश सेकंद लागले ते ओळीओळीने दाखवतो. थांबवायचे असेल तर कंट्रोल आणि सी ही दोन बटणे एकदम दाबावीत. राउटर उत्तर देत असेल आणि तरीही संकेतस्थळे उघडत नसतील, तर दोष घराबाहेर आहे. राउटरच ओ देत नसेल, तर दोष घरात.

आमच्याकडे दुसरा एक पुरावा आयताच होता. लाइट जाते तेव्हा राउटरही बंद पडतो, हे ताईच्या घरी पूर्वीच ध्यानात आले होते आणि दाजींनी राउटर इन्व्हर्टरवर घेतला होता. मी भाचीला विचारले, "लाइट गेल्यावर तुझ्या फोनचे वायफाय जाते का?"

ती थोडी थांबली. "फोनचं नाही जात. फोन चालतोय की!"

फोन चालतो म्हणजे राउटर जागा आहे आणि बाहेरची तारही शाबूत आहे. संशयित एकच उरला, तो म्हणजे लॅपटॉप. दाजी म्हणाले, "मी तेच म्हणतोय, मशीन जुनं झालंय." पण जुने होणे हे कारण होत नाही, जुन्या यंत्रातले नेमके काय बिघडते ते सांगता आले पाहिजे.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. टेलिफोनवर बोलताना संभाषण तुटते ते तीन प्रकारांनी. तुम्ही रिसीव्हर ठेवता. किंवा पलीकडचा ठेवतो. किंवा कोणीच ठेवत नाही, पण आवाज येईनासा होतो आणि "हॅलो, हॅलो" करून शेवटी तुम्ही कंटाळता. वायफाय तुटते तेही या तीनपैकी एका प्रकाराने. यातला कोणता प्रकार घडला हे लिनक्सच्या टिपणात लिहिलेले असते. टर्मिनलमध्ये डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरे, मग जागा, मग एक छोटी आडवी रेघ आणि तिला जोडून मोठ्या लिपीतला टी टंकला, तर हे टिपण वेळेसकट समोर येते. काही यंत्रांवर या आज्ञेच्या आधी एस-यू-डी-ओ हा शब्द आणि जागा टाकून परवलीचा शब्द द्यावा लागतो.

टिपणात 'बाय लोकल चॉइस' असे शब्द दिसले, तर लॅपटॉपने आपण होऊन जोडणी सोडली. कोणी बटण दाबले असेल, किंवा एखाद्या कार्यक्रमाने तशी आज्ञा दिली असेल. 'डीऑथेंटिकेटेड फ्रॉम' असे लिहून पुढे राउटरचा क्रमांक आणि कारणाचा आकडा असेल, तर राउटरने हाकलले असे समजावे. कारणांचे आकडे जगभर ठरलेले आहेत. उदाहरणार्थ, ४ म्हणजे "फार वेळ काही बोलला नाहीस म्हणून नाव काढले". १५ म्हणजे किल्ल्यांची देवाणघेवाण वेळेत झाली नाही. तेथे परवलीचा शब्द चुकला आहे का, हे आधी पाहावे. तिसरा प्रकार म्हणजे 'कनेक्शन टु एपी... लॉस्ट'. याचा अर्थ, राउटरची हाक ऐकू येईनाशी झाली.

भाचीच्या टिपणात दर वेळी हा तिसरा प्रकार होता. कोणी कोणाला हाकलले नव्हते. लॅपटॉप ऐकत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हते.

ही हाक कसली ते सांगितले पाहिजे. प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा "मी अमुक, मी येथे आहे" अशी छोटी द्वाही फिरवतो. तिला बीकन म्हणतात. समुद्रातल्या दीपस्तंभाचा झोत ठरावीक वेळाने फिरून येतो ना, तसे समजा. लॅपटॉप या हाका मोजत असतो. एखादी चुकली तर तो मनावर घेत नाही. पण लिनक्समध्ये साधारणपणे लागोपाठ सातेक हाका चुकल्या की त्याला शंका येते. मग तो स्वतः राउटरला हाक मारून पाहतो, आणि तरीही उत्तर आले नाही तर जोडणी तुटली असे मानतो.

आता प्रश्न राहिला तो असा, की लाइट गेल्यावरच त्या हाका का चुकतात? राउटर तर इन्व्हर्टरवर चालू असतो. विचार करून पाहा. लाइट जाते तेव्हा घरात आणखी काय काय बदलते? पंखा बंद पडतो, शेजारच्या घरांतली वायफाय गप्प होतात (म्हणजे गोंगाट कमीच व्हायला हवा!) आणि आणखी एक गोष्ट होते. ती भाचीच्या ध्यानात येईना. मी तिला एक वही आणायला सांगितली. तुटल्याची वेळ, आपण कोणत्या खोलीत बसलो होतो, लाइट होती का, चार्जर लावलेला होता का, असे रकाने पाडले. दोन दिवस मी तेथे राहणार होतो, तेव्हा घाई नव्हती. अर्ज मात्र त्या रात्रीच, लाइट असताना, बाहेरच्या सोप्यात राउटरच्या समोर बसून तिने पुरा केला. अडकलेली रक्कम पुढे परत आली.

वेळ टिपण्याला मी एवढे महत्त्व का देतो? एक खरी हकीकत सांगतो. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. तशीच ६४ मीटर व्यासाची एक तबकडी ऑस्ट्रेलियात पार्क्स येथे आहे. १९९८ पासून तिच्या नोंदींत अधूनमधून एक विचित्र क्षणिक संदेश सापडे. दिसायला तो दूरच्या आकाशातून आल्यासारखा, पण वागणे पृथ्वीवरच्यासारखे. शास्त्रज्ञांनी त्याला 'पेरिटॉन' असे एका काल्पनिक प्राण्याचे नाव दिले. कोणी विजेच्या कडकडाटाला दोष दिला. पुढे वेळा मांडून पाहिल्या तेव्हा दिसले, की हे संदेश बहुतेक दिवसा, कामाच्या वेळेत आणि विशेषतः जेवणाच्या सुमारास येतात. आकाशाला जेवणाची वेळ कोठून असणार! २०१५ च्या जानेवारीत तेथे गोंगाट मोजणारे नवे उपकरण चालू असताना आणखी तीन पेरिटॉन आले आणि त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातही ठिणगी उडालेली दिसली. अखेर चोर सापडला तो वेधशाळेच्या जेवणघरात. मायक्रोवेव्ह भट्टी बंद होण्याची वाट न पाहता कोणी तिचे दार उघडले की क्षणभर लहरी बाहेर पडत आणि तबकडी त्या दिशेला वळलेली असली तर त्या टिपल्या जात. शास्त्रज्ञांनी मुद्दाम दार उघडून पेरिटॉन 'बनवून' दाखवले, तेव्हा कोठे खात्री झाली. पार्क्सची दुर्बीण ज्या संस्थेची आहे, त्याच संस्थेच्या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांच्या कामातून भिंतींवरच्या प्रतिध्वनींतून खरा संदेश वेगळा काढण्याचे एक तंत्र निघाले आणि ते पुढे वायफायमध्ये वापरले गेले, हाही एक योगायोगच.

आम्हीही आमचा पेरिटॉन बनवायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाची तिच्या नेहमीच्या जागी, माजघरात बसली. लाइट होती. पिंग चालू होता. उत्तरे तीन, चार, पाच हजारांश सेकंदांत येत होती. मी म्हणालो, "आता फक्त चार्जर काढ. बाकी कशाला हात लावू नकोस."

चार्जर काढताच आकडे नाचू लागले. पाचाचे पन्नास झाले, मग शंभरावर गेले, मध्येच पुन्हा चार. दहा-बारा मिनिटे गेली आणि जोडणी तुटली.

"मामा, लाइट तर आहे की!"

लाइट जाणे आणि चार्जर बंद पडणे या दोन गोष्टी रोज एकदमच घडत, म्हणून त्या तिला एकच वाटत होत्या. त्या वेगळ्या केल्याबरोबर गाठ सुटली. लॅपटॉप बॅटरीवर गेला की काहीतरी बदलत होते.

काय बदलत होते तेही लिनक्सनेच सांगितले. आय-डब्ल्यू, जागा, डी-ई-व्ही एवढे टंकले की वायफाय कार्डाचे नाव कळते. ते बहुधा डब्ल्यू अक्षराने सुरू होते. त्याच आज्ञेपुढे ते नाव, मग 'गेट' आणि मग 'पॉवर सेव्ह' हे शब्द इंग्रजीत लिहायचे. पॉवर आणि सेव्ह यांच्यामध्ये जागा न सोडता खाली रेघ द्यायची. चार्जर लावलेला असताना उत्तर आले 'ऑफ'. काढल्यावर आले 'ऑन'. चुलतभावाने बॅटरी जास्त टिकावी म्हणून टीएलपी नावाचा एक लहान कार्यक्रम बसवला होता. चार्जर निघाला की वायफायची ऊर्जाबचत आपोआप चालू करायची, हे त्याचे नेमलेले काम. बिचारा ते चोख बजावत होता!

ऊर्जाबचत म्हणजे डुलकी. कार्ड राउटरला सांगते, "मी जरा पडतो, माझे निरोप राखून ठेव," आणि आपले कान बंद करते. बीकनची वेळ झाली की क्षणभर जागे होते. त्या बीकनमध्येच कोणाकोणाचे निरोप पडून आहेत याची यादी असते. आपले नाव असेल तर निरोप मागून घ्यायचे, नसेल तर पुन्हा डोळे मिटायचे. पिंगचे आकडे शंभरापर्यंत का नाचले ते आता कळेल : दोन बीकनांमधले अंतर सुमारे शंभर हजारांश सेकंदांचेच असते, आणि राउटरचे उत्तर तोवर पडून राही. ही योजना चांगलीच आहे; तुमच्या फोनची बॅटरी दिवसभर पुरते त्यात तिचाही वाटा आहे. मात्र जागे होण्याची वेळ अचूक साधली पाहिजे, आणि त्या क्षणी हाक स्वच्छ ऐकू आली पाहिजे. काही कार्डांत किंवा ती चालवणाऱ्या आज्ञावलीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, ही वेळ नीट साधत नाही.

येथे थांबलो असतो तर चालले असते, पण मला एक शंका होती. आम्ही लॅपटॉप बाहेर सोप्यात नेला आणि तेथे बॅटरीवर अर्धा तास चालवला. पिंगचे आकडे नाचत होते, पण जोडणी तुटली नाही! पुन्हा माजघरात, चार्जर लावून : तुटली नाही. पुन्हा माजघरात बॅटरीवर : तुटली. प्रत्येक प्रयोग दोनदा केला, कारण एकदा घडलेली गोष्ट योगायोगानेही घडलेली असू शकते.

म्हणजे दोष एकट्या डुलकीचा नव्हता. ताईचे घर जुने आहे. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या जाडजूड भिंती आणि वर माळवद. राउटर सोप्यातल्या लोखंडी कपाटाच्या मागच्या कोनाड्यात ठेवलेला. कार्डाच्या नावापुढे 'गेट पॉवर सेव्ह' ऐवजी 'लिंक' लिहिले तर लहरी किती जोराने येतात तो आकडा मिळतो. सोप्यात तो होता उणे ४८ आणि माजघरात उणे ७५. या आकड्यांचे गणित मजेचे आहे. तो दहाने उतरला की शक्ती दहावा हिस्सा होते. तीनाने उतरला की जवळजवळ निम्मी. उणे ४८ पासून उणे ७५ म्हणजे २७ ची उतरण. तीस उतरले असते तर शक्ती हजारावा हिस्सा झाली असती. त्यातले तीन परत चढा, म्हणजे दुप्पट करा. एका भिंतीआड आणि कपाटाआड शक्ती पाचशेपट घटली होती! शून्य म्हणजे वॅटचा हजारावा भाग असा हा मोजण्याचा पाया आहे. त्यावरून हिशेब केला तर एका वॅटचे दहा हजार कोटी भाग करावेत, त्यांतले तीनच माजघरात पोहोचत होते. तेवढ्यावरही लॅपटॉप जागा असताना काम निभत होते. डुलकी घेत असताना मात्र निभत नव्हते. दूरचा आवाज आणि अर्धवट झोप, दोन्ही एकत्र आले की हाक चुके.

उपाय दोन्हीकडून केला. टीएलपीच्या सूचनांच्या फाइलमध्ये बॅटरीवर वायफायची बचत करू नये असे एका ओळीत लिहिले. (टीएलपी नसेल आणि बचत चालूच दिसत असेल, तर वरच्याच आज्ञेत 'गेट' ऐवजी 'सेट' आणि शेवटी 'ऑफ' लिहून, आधी एस-यू-डी-ओ जोडून, ती तात्पुरती बंद करता येते. यंत्र पुन्हा सुरू केले की ती पूर्ववत होते, म्हणून प्रयोगाला हीच रीत बरी.) आणि राउटर कपाटामागून काढून माजघराच्या दाराच्या चौकटीजवळ खिळ्याला टांगला. माजघरातला आकडा उणे ६१ वर आला. त्या रात्री लाइट गेली तेव्हा भाची मुद्दाम तेथेच बसून राहिली. दोन तासांत एकदाही तुटले नाही. बॅटरी पूर्वीपेक्षा किंचित लवकर उतरते, हे मात्र खरे.

लिनक्सवरच हे असले प्रश्न जास्त का येतात, असे तुम्ही विचाराल. वायफायची कार्डे करणाऱ्या काही कंपन्यांनी आपल्या कार्डाच्या आतली माहिती लिनक्स लिहिणाऱ्यांना पूर्वी दिलीच नाही. तेव्हा काही ड्रायव्हर लोकांनी कार्डाचे वागणे बाहेरून पाहून, तर्काने लिहिले. घड्याळ न उघडता नुसत्या काट्यांवरून आतली चक्रे ओळखावीत, तसे हे काम! आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरी जुन्या कार्डांत डुलकीसारखी नाजूक वेळेची कामे अधूनमधून चुकतात. म्हणून लिनक्सच्या नव्या आवृत्त्या येतील तशा घ्याव्यात. पुष्कळदा ड्रायव्हरची दुरुस्ती त्यातूनच येते. लिनक्सचे प्राथमिक धडे मराठीतून हवे असतील, तर मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात ते तयार केले आहेत.

तुमच्याकडचा दोष याहून निराळा असू शकेल. यूएसबी-३ जातीची बाहेरची डिस्क लॅपटॉपला लावली की तिच्या तारेतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट निघतो; डिस्क काढून पाहावी. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेने बसवलेले असतात, म्हणून पडद्यामागे लोखंडी कपाट नको. आणखी एक चमत्कारिक दोष चॅनेलचा. २.४ च्या पट्ट्यात आपल्या देशात १ ते १३ अशी चॅनेले वापरतात. ती इतकी चिकटून आहेत की १, ६ आणि ११ एवढीच एकमेकांत फारशी मिसळत नाहीत. अमेरिकेत घरगुती वायफाय ११ पर्यंतच असते. आता लॅपटॉपला आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक नसेल, तर तो सावधपणे वागतो आणि १२ व १३ वर आपण होऊन हाक मारत नाही. इकडे राउटरला चॅनेल आपोआप निवडायची मुभा दिलेली असते. तो मध्येच १३ वर गेला की लॅपटॉप गोंधळतो आणि फोन मात्र मजेत चालतो. अशा वेळी राउटर १, ६ किंवा ११ वर कायम करून टाकावा.

हे शेवटचे मी उगाच सांगत नाही. परवा भाचीचा फोन आला. वहीत एक नवी नोंद पडली आहे : संध्याकाळी सात चाळीस, सोपा, चार्जर लावलेला, लाइट होती, तरी तुटले. आमच्या कोणत्याच प्रयोगात न बसणारी ही नोंद. टिपणात पुन्हा तोच तिसरा प्रकार. राउटर अजून 'आपोआप' वरच ठेवलेला आहे, तेव्हा माझा संशय चॅनेलवर आहे. तिला तो पटलेला नाही. तिचा संशय शेजारी नव्याने आलेल्या कशावर तरी आहे, आणि काय आले आहे ते ती विचारून येणार आहे. तूर्त राउटर ६ वर कायम करून आठ दिवस पाहायचे ठरले आहे. आज तिसरा दिवस.